कर्ण्यासमोरचा आवाज

माइक नव्हता तेव्हा गाणं रेकॉर्ड कसं व्हायचं? गायक एका मोठ्या कर्ण्यात गायचा. आवाजाने पडदा थरथरायचा आणि त्याला जोडलेली सुई मेणाच्या तबकडीवर रेघ कोरायची. अ‍ॅम्प्लिफायर नाही, एडिटिंग नाही. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून!

आयर्लंडचा जॉन मॅकॉर्मॅक अशाच कर्ण्यासमोर गाऊन जगप्रसिद्ध झाला. तो टेनर, म्हणजे पुरुषांमधला उंच पट्टीचा आवाज. जन्म १८८४, गाव अ‍ॅथलोन. आईवडील लोकरीच्या गिरणीत कामाला. १९०३ मध्ये डब्लिनच्या स्पर्धेत सुवर्णपदक, मग इटलीत शिक्षण आणि १९०७ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये ऑपेरा. पण अभिनयात स्वारी कच्ची, आणि हे त्याला स्वतःलाही ठाऊक होतं. म्हणून त्याने हळूहळू ऑपेरा सोडला आणि नुसत्या गाण्याच्या मैफली धरल्या. अमेरिकेत त्यांना तुफान गर्दी व्हायची.

१९२५ मध्ये माइकवर रेकॉर्डिंग सुरू झालं, १९४५ मध्ये मॅकॉर्मॅक गेला. पण १९१६ साली त्याने गायलेलं मोझार्टचं 'इल मिओ तेसोरो' आजही ऐकायला मिळतं. त्यातली लांबलचक तान तो एका दमात घेतो. तेवढा वेळ तुम्हीही श्वास न घेता गुणगुणून बघा. आपला दम आधी सुटतो!