फलाटावर बोलका, माइकपुढे मुका

अमरावती मुख्य लोहमार्गावर नाही. मुंबई-नागपूर गाडीनं यायचं तर बडनेऱ्याला उतरावं लागतं. तिथं उतरणाऱ्या वऱ्हाडी माणसानं तोवर अख्खा डबा हसवलेला असतो, जागेवरून ज्याच्याशी भांडला त्याच्याशीच चिवडा वाटून खाल्लेला असतो. त्याच माणसाच्या हाती नव्या वस्तीतल्या गणपती मंडळानं माइक दिला, की तो दोन पावलं मागं सरतो. "मले नाई जमत बा भाषण!" फारच आग्रह झाला तर घसा खाकरून "आदरणीय व्यासपीठ" असं सुरू करतो आणि तिसऱ्या वाक्याला अडकतो. घरी, शेतात, बाजारात जी भाषा तो कधी बोललाच नाही, ती त्याला नेमकी शंभर माणसांपुढं बोलायची असते. वऱ्हाडातल्या मोठ्या वक्त्यांकडं पाहिलं, की ही गाठ कशी सुटते ते कळतं.

१८९७ साली राष्ट्रीय सभेचं, म्हणजे काँग्रेसचं, तेरावं अधिवेशन अमरावतीत भरलं. अध्यक्ष सी. शंकरन नायर, स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे. लोकमान्य टिळकांचे सहकारी असलेले खापर्डे नामांकित वकील आणि हजरजबाबी, विनोदी वक्ते. पण तो मंच शिकल्यासवरल्यांचा होता. मंचावर कोण चढणार, हे धिटाईच्या आधी समाज ठरवत असतो. १९२७ साली अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्य मानलेल्यांना प्रवेश देण्याचा प्रश्न पेटला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीत परिषद झाली, आणि ज्यांनी आजवर उंबऱ्याबाहेरून ऐकायचं तेच आता सभेत बोलू लागले.

गाडगेबाबांनी तर मंचच बदलला. शेंडगावात १८७६ साली परिटाच्या घरी जन्मलेल्या गाडगेबाबांना, म्हणजे मूळच्या डेबूजींना, अक्षरओळख नव्हती. ते गावात शिरायचे ते हातात खराटा घेऊन. दिवसभर गाव झाडायचं आणि रात्री त्याच गावापुढं कीर्तनाला उभं राहायचं. आजच्या भाषेत ही वक्त्याची पूर्वतयारी. कोणत्या गल्लीत घाण आहे, कोण कर्ज काढून सण करतो, कुठं देवापुढं बोकड कापतात, हे रात्र होईतो त्यांच्या नजरेखालून गेलेलं असे. कीर्तनात ते उपदेशाआधी प्रश्न टाकायचे. लोक एका सुरात उत्तर द्यायचे, त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघायचा, आणि शेवटी आपल्याच तोंडून निघालेलं उत्तर लोकांना नाकारता येत नसे. सगळं अस्सल वऱ्हाडीत. १ मे १९८३ रोजी अमरावतीत विद्यापीठ सुरू झालं. आज त्याला या निरक्षर वक्त्याचं नाव आहे.

तुकडोजी महाराजांची वाट निराळी. यावलीत १९०९ साली जन्मलेल्या तुकडोजींनी १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला. त्यांच्या हाती खंजिरी होती. आधी ताल धरायचा, लोकांना त्या तालात आणायचं आणि मग विचार सांगायचा. ठेक्याला थांबाही असतो. नवखा वक्ता नेमका तोच विसरतो. भीतीपोटी धावत सुटतो.

"मग शुद्ध बोलायचंच नाही का?" असं कुणी विचारलं तर उत्तर अचलपूरच्या राम शेवाळकरांकडं आहे. त्यांची मराठी संस्कृतप्रचुर, वाक्यं लांबलचक, तरी रामायण-महाभारतावर ते बोलू लागले की सभा खिळून राहायची. कारण ती भाषा त्यांनी आयुष्यभराच्या वाचनानं कमावलेली होती. उसनी भाषा आणि कमावलेली भाषा यांतला फरक श्रोत्याला पहिल्या दोन मिनिटांत कळतो.

आज हा प्रश्न हौसेपुरता उरलेला नाही. २०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना निम्म्या जागा आहेत. काल चुलीपुढं बोलणाऱ्या बाईला आज ग्रामसभेत पाण्याच्या टाकीचा हिशेब मांडायचा असतो. बडनेऱ्यातल्या अभियांत्रिकीच्या पोराला प्रकल्प समजावून सांगायचा असतो. छाती दोघांचीही धडधडते. ती धडधड पूर्णपणे जात नाही. मुरलेल्या वक्त्यांचीही जात नाही. ती हाताळायला शिकायचं असतं. उभं राहिल्यावर आधी एक सावकाश श्वास. पहिलं आणि शेवटचं वाक्य तोंडपाठ, मधले मुद्दे चिठ्ठीवर, तेही तीनच. घरातल्या कुणाला तरी मोठ्यानं बोलून दाखवायचं, कारण मनातल्या मनात केलेलं भाषण कधी अडखळत नाही. सभेला थोडं लवकर जायचं, चार जणांशी बोलायचं. मग समोर अनोळखी गर्दी उरत नाही. आणि बोबडी वळलीच तर श्रोत्यांना एक प्रश्न विचारायचा. ते उत्तर देईपर्यंत आपला श्वास परत येतो.

मंडळातल्या त्या माणसाला पुढच्या वर्षी "दोन शब्द बोला" म्हणू नये. "काकाजी, त्या दिवशी गाडीत काय झालं थे सांगा ना," एवढंच म्हणून माइक हाती द्यावा. तो सांगू लागेल, समोरचे हसू लागतील, आणि आपण भाषण करतोय हे त्याच्या ध्यानात येईल तेव्हा निम्मं भाषण होऊन गेलेलं असेल.