‘शाया’ लिहिणारा ‘ढ’ नसतो

समजा, उद्या तुमच्या कॉलेजच्या नोटीस बोर्डवर एक कागद लागला. पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांसाठी लेखन स्पर्धा, विषय ‘लर्निंग डिसॅबिलिटी : जनजागृती’, शब्दमर्यादा आठशे, सोबत एक फोटो. ऑक्टोबर हा डिस्लेक्सिया जागृतीचा महिना म्हणून पाळला जातो, त्यामुळे असे विषय त्या सुमारास निघतातच. तुम्ही काय लिहाल? मी अंदाज सांगू? पहिल्या परिच्छेदात ‘तारे जमीन पर’, दुसऱ्यात आइनस्टाइन, आणि शेवटी ‘ही मुलं म्हणजे देवाची खास देणगी’. परीक्षकांच्या टेबलावर असे तीस लेख येतील आणि तिसांतले सत्तावीस एकाच साच्यातले असतील.

आइनस्टाइन तर गाळाच. त्याला डिस्लेक्सिया होता याचा ठोस पुरावा नाही. सिनेमाचं तसं नाही. २००७ साली ‘तारे जमीन पर’ आला आणि ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द चाळीसगावच्या घरातसुद्धा पोहोचला, हे त्याचं श्रेय मोठंच. पण त्यातली नाचणारी अक्षरं आपल्या डोक्यात इतकी पक्की बसली, की डिस्लेक्सिया म्हणजे डोळ्यांना उलटंसुलटं दिसणं, असं आजही बरेच जण समजतात. मूळ अडचण डोळ्यांत नसते. आवाज आणि अक्षर यांची जोडी जुळवण्यात असते. ‘कमळ’ हा शब्द कानावर पडला की त्याचे क-म-ळ असे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याचं चिन्ह आठवायचं, आणि हे सगळं क्षणात. आपल्याला ते श्वास घेण्याइतकं सोपं वाटतं. काही मुलांना त्यासाठी दर वेळी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकावी लागते. हेच आकड्यांच्या बाबतीत झालं तर डिस्कॅल्क्युलिया, लिहिण्याच्या बाबतीत झालं तर डिस्ग्राफिया. या सगळ्यांचं मिळून सरकारी नाव ‘विशिष्ट अध्ययन अक्षमता’. नाव जड आहे, पण ‘विशिष्ट’ हा शब्द महत्त्वाचा. बुद्धी शाबूत, अडचण ठरावीक कामात.

ही गोष्ट पहिल्यांदा नीट लिहून ठेवली गेली ती १८९६ मध्ये. इंग्लंडमधले डॉक्टर प्रिंगल मॉर्गन यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये चौदा वर्षांच्या पर्सी नावाच्या मुलाबद्दल लिहिलं. मुलगा चुणचुणीत, खेळात पुढे. तीन आकडी संख्यांचा गुणाकार त्याने झटकन आणि बरोबर केला. पण साधे शब्द वाचता येईनात. स्वतःचं नाव लिहितानाही तो स्पेलिंगमधली दोन अक्षरं उलटी करायचा आणि कुणी दाखवेपर्यंत त्याच्या ते लक्षात यायचं नाही. त्याला कित्येक वर्षं शिकवणाऱ्या मास्तरांचं मत मॉर्गननी नोंदवून ठेवलंय. शिकवणं सगळं तोंडी असतं, तर हा शाळेतला सगळ्यात हुशार मुलगा ठरला असता.

‘सगळं तोंडी असतं तर’ हे वाचल्यावर जळगावच्या माणसाला दुसरं कोण आठवणार? त्याच १८९६ साली आसोद्याची एक सोळा वर्षांची मुलगी सासरी जळगावात शेतात राबत होती. बहिणाबाई चौधरी. त्यांना अक्षरओळख नव्हती. गाणी त्या रचून म्हणायच्या, उतरवून घेतली घरच्यांनी. १९५२ मध्ये, त्या गेल्यानंतर, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती छापली गेली. आता त्यांना डिस्लेक्सिया होता वगैरे काही माझं म्हणणं नाही हां, त्यांना शाळाच मिळाली नव्हती. पण ज्या विद्यापीठाच्या गुणपत्रिकेसाठी आपण रांगा लावतो, त्याला २०१८ मध्ये वाचता न येणाऱ्या बाईचं नाव मिळालं. वाचता येणं आणि डोकं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे खानदेशात कुणाला भाषण देऊन सांगायची गरज पडू नये. तरी वर्गात वाचताना अडखळणाऱ्या पोराला आपण आजही पटकन ‘ढ’ म्हणून मोकळे होतो.

आता खरा मुद्दा. मुंबई-पुण्याच्या लेखात तो सापडणार नाही, कारण तो तिथला नाहीच.

धुळे, अमळनेर, पारोळा, चाळीसगाव या पट्ट्यात घरोघर अहिराणी बोलतात. यावल-रावेरकडे गेलात तर लेवा बोली. या बोलींत ‘ळ’ बहुतेक वेळा ‘य’ होतो. डोळा म्हणजे डोया, शाळा म्हणजे शाया, जळगाव म्हणजे जयगाव आणि धुळे म्हणजे धुये. बहिणाबाईंच्या छापील गाण्यांतही हा ‘य’ जागोजागी आहे आणि तिथे आपण त्याला गोडवा म्हणतो. पण पहिलीतल्या पोराने वहीत ‘शाया’ लिहिलं की लाल रेघ! त्याने ऐकलं तेच लिहिलं. म्हणजे आवाज आणि अक्षर यांची जोडी त्याने अगदी बरोबर जुळवलीय, फक्त त्याच्या घरचा आवाज पुस्तकातल्यापेक्षा वेगळा आहे. सातपुड्याच्या पायथ्याला, चोपडा किंवा शिरपूर तालुक्यात, पावरी बोलणाऱ्या घरातलं मूल शाळेत येतं तेव्हा तर फरक एका अक्षराचा नसतो, अख्खी भाषाच नवी असते. आणि दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडणीला जाणारं मूल वर्षातले कित्येक महिने वर्गातच नसतं. या तिघांनाही वाचायला जड जातं. पण हे घरच्या भाषेमुळे किंवा बुडालेल्या शाळेमुळे असेल, तर त्याला अध्ययन अक्षमता म्हणत नाहीत. व्याख्येतच तसं आहे. नजर, ऐकणं, शिकवणीची भाषा आणि शाळेतली हजेरी, ही कारणं आधी बाजूला काढावी लागतात.

गंमत अशी, की यातून दोन उलट्या चुका होतात आणि दोन्ही महागात पडतात. एक, बोलीभाषेतल्या मुलावर ‘याच्यात काहीतरी कमी आहे’ असा शिक्का बसतो. दुसरी, ज्याला खरंच डिस्लेक्सिया आहे त्याच्याबद्दल ‘अहो, खेड्यातलं पोर, भाषा अशीच असणार, होईल हळूहळू’ म्हणून कुणी तपासतच नाही. मला विचाराल तर आपल्याकडे दुसरी चूक जास्त घातक, कारण तिचा आवाज होत नाही.

फरक ओळखायचा कसा? निदान करणं आपलं काम नाही, ते डॉक्टर आणि मानसशास्त्रज्ञांचं. पण बातमीदार म्हणून वही बघायला काय हरकत आहे. बोलीमुळे होणारी चूक ठरलेली असते. ‘ळ’च्या जागी ‘य’, दर वेळी तोच. डिस्लेक्सियात तसा नेम नसतो. एकाच पानावर एकच शब्द तीन तऱ्हांनी लिहिलेला दिसतो. ‘कर्म’चं ‘क्रम’ होतं, ‘घ’चा ‘ध’ आणि ‘भ’चा ‘म’, जोडाक्षर अर्धं गळतं. पहिली वेलांटी तर आपल्या लिपीची खास खोडी आहे, बोलताना नंतर येते आणि लिहिताना आधी. तोंडी विचारा तर हेच मूल धडा घडाघडा सांगेल. एवढ्यावरून शिक्का मारू नका, पण ‘कुणाला तरी दाखवा’ म्हणायला एवढं पुरतं.

किती मुलं असतील अशी? अमेरिकन मानसोपचार संघटनेची २०१३ ची निदान-पुस्तिका वेगवेगळ्या भाषा आणि संस्कृतींतल्या शाळकरी मुलांचा विचार करून ५ ते १५ टक्के म्हणते. चाळीसच्या पटात दोन ते सहा. तुमचा दहावीचा वर्ग डोळ्यांसमोर आणा.

आमच्या वर्गात एक जण होता. बापाबरोबर विहिरीवर जायचा आणि मोटार बंद पडली की आवाजावरून सांगायचा, बिघाड कुठे ते. मराठीच्या तासाला उभं राहून वाचायची पाळी आली की त्याला हटकून तहान लागायची. दहावीला दोनदा बसला, मग गॅरेजवर लागला. आता त्याचं बरं चाललंय. त्याला डिस्लेक्सिया होता असं मी लिहिणार नाही, कारण त्याला कुणी कधी तपासलंच नाही. आज तपासूनही दहावी परत येणार नाही.

पण आज आठवीत किंवा पाचवीत असलेल्याचं तसं नाही. राज्यात २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आली. नापास झालं तर पुनर्परीक्षा, त्यातही गेलं तर त्याच वर्गात आणखी एक वर्ष. म्हणजे ज्या मुलाची अडचण ओळखली गेली नाही, त्याला पूर्वी दहावीत बसणारा धक्का आता दहाव्या-अकराव्या वर्षीच बसू शकतो. तोच धडा, त्याच पद्धतीने, दुसऱ्यांदा. ज्याला अक्षर-आवाजाची जोडी वेगळ्या पद्धतीने शिकवायला हवी, त्याला त्याचा काय उपयोग?

कायदा मात्र मुलाच्या बाजूने आहे. १९९५ च्या कायद्यात सात प्रकारचं अपंगत्व होतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ते एकवीस केले आणि त्यात अध्ययन अक्षमता आली. कलम १६ सांगतं, शिक्षण संस्थांनी अशी मुलं लवकरात लवकर ओळखायची आणि शिकवण्याची पद्धत त्याप्रमाणे बदलायची. कलम १७ मध्ये दर पाच वर्षांनी शाळकरी मुलांचं सर्वेक्षण आहे, परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ आहे, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूटही आहे. आणि कलम ९२ वाचून तर मी दोनदा खात्री केली. दिव्यांग व्यक्तीचा चारचौघांत मुद्दाम, मानहानी करण्याच्या हेतूने अपमान केला, तर किमान सहा महिने कैद.

महाराष्ट्र यात तसा उशिरा जागा झालेला नाही. बोर्डाच्या सवलती आपल्याकडे नव्वदच्या दशकापासून आहेत, महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन मुंबईत १९९६ मध्ये सुरू झाली. अडचण अंतराची होती. चाचण्या आणि प्रमाणपत्रं म्हणजे मुंबईची सायन, केईएम, नायरसारखी रुग्णालयं. शहाद्याहून किंवा बोदवडहून शेतमजूर आई दोनतीन वेळा तिकडे जाणार कशी? आता धुळ्यात आणि जळगावात दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज ऑनलाइन करता येतो. पण अर्ज ऑनलाइन झाला म्हणून चाचणी होत नाही. केंद्राच्या २०१८ च्या सूचनांप्रमाणे तिसरी किंवा वयाची आठ वर्षं हा चाचपणीचा टप्पा. शिक्षकांची शिफारस, मग बालरोगतज्ज्ञांकडून डोळे-कान वगैरे तपासणी, मग मानसशास्त्रज्ञाकडे बुद्ध्यांक आणि शेवटी वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या. इथे पहिला विचारायचा प्रश्न : हे काम करणारा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट तुमच्या जिल्ह्यात सरकारी नोकरीत आहे का, आणि किती दिवसांनी नंबर लागतो? दुसरा : चाचणी कोणत्या भाषेत? हरियाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये ‘डाली’ नावाचा चाचणीसंच काढला, तो हिंदी, कन्नड आणि इंग्रजीबरोबर मराठीतही आहे. अहिराणी किंवा पावरी घरातल्या मुलाला तपासताना त्याच्या बोलीचा विचार कसा करतात, हा प्रश्न आपल्याच जिल्ह्यांतला बातमीदार विचारू शकतो. मुंबईच्या बातमीदाराला तो सुचणारही नाही.

लिहिताना दोनच पथ्यं सांगते. ‘मतिमंद’ हा शब्द इथे चुकीचा आहे, बौद्धिक अक्षमता ही वेगळी गोष्ट. ‘पीडित’, ‘ग्रस्त’, ‘आजारावर मात’ हेही नको, हा ताप नाही की गोळी घेतली आणि उतरला. आणि फोटो. स्पर्धेच्या कागदावर ‘सोबत एक फोटो’ असतं म्हणून वर्गातल्या पोराला बाकावर बसवून, डोकं धरायला लावून फोटो काढू नका. मुलाचं नाव, गाव, शाळा यातलं काहीही छापून गेलं तर तालुक्याच्या ठिकाणी दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कळतं तो कोण. वहीच्या पानाचा फोटो घ्या, तोही घरच्यांना विचारून. त्यात गोष्ट चेहऱ्यापेक्षा जास्त दिसते.

बक्षीस मिळालं तर चांगलंच. नाही मिळालं तरी हा लेख भित्तिपत्रकावर लावता येतो. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक असताना साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी हाताने लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढायचे, १९२८ मध्ये तिथूनच त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक सुरू केलं. स्पर्धा नव्हती, प्रमाणपत्र नव्हतं. खानदेशातली विद्यार्थ्यांची पत्रकारिता ही अशी सुरू झालेली आहे.

कुठून सुरुवात करायची? पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात जा. समावेशित शिक्षणाचं काम बघणारे विशेष शिक्षक तिथे भेटतात. एकेकाकडे किती शाळा आहेत ते विचारा, जमलं तर एक दिवस त्यांच्याबरोबर फिरा. मग एखाद्या माध्यमिक शाळेत मुख्याध्यापकांकडे जा. दहावीच्या सवलतींचे प्रस्ताव शाळेमार्फत नाशिक विभागीय मंडळाकडे जातात, जळगाव आणि धुळे दोन्ही त्याच विभागात. सरळ विचारा, सर, यंदा अध्ययन अक्षमतेचे किती प्रस्ताव पाठवले? ‘आपल्याकडे तशी मुलं नाहीत’ असं उत्तर आलं, तर वही बंद करू नका. दहावीचा पट किती आहे, तेवढं लिहून घ्या.