मनगटावरचे ओझे

अमरावती जिल्ह्याच्या उत्तर सरहद्दीवर, जेथे वऱ्हाडची काळी कसदार जमीन सातपुड्याच्या पायथ्याशी येऊन थबकते आणि पलीकडे मध्य प्रदेशाचा मुलूख सुरू होतो, तेथे वरुड तालुक्यातील शेंदूरजनाघाट हे गाव संत्र्याच्या बागांनी आणि पन्हेरीच्या वाफ्यांनी वेढलेले आहे. जंभेरीच्या खुंटावर डोळा भरून तयार केलेल्या येथील कलमा दूरदूरच्या प्रांतांत जातात, हा या गावाचा लौकिक. परंतु या पट्ट्याचा दुसराही एक लौकिक आहे, आणि तो चालणाऱ्यांचा आहे. जवळच्या साळबर्डीच्या डोंगरात श्रीचक्रधरांनी बारा वर्षे एकांतात काढली असे महानुभाव परंपरा सांगते. त्याच साळबर्डीस महाशिवरात्रीला यात्रा भरते. आणि श्रावणात नागपंचमीच्या सुमारास पचमढीच्या नागद्वारास, तर शिवरात्रीस खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागडास जाणाऱ्या यात्रेकरूंत विदर्भातील माणसांचा भरणा पिढ्यान्‌पिढ्या मोठा राहिला आहे. डोंगर चढणे हा ज्यांच्या कुळाचाराचा भाग आहे, अशा लोकांपुढे ‘पदभ्रमणासाठी हलके घड्याळ कोणते घ्यावे’ हा विषय मांडणे म्हणजे थोडे धारिष्ट्यच. तथापि हल्ली याच गावांतील तरुण पाठीवर सॅक अडकवून चिखलदरा, गाविलगड आणि नरनाळा पालथे घालू लागले आहेत, आणि दुकानांच्या काचेआड मांडलेल्या घड्याळांचे दावे ऐकून गोंधळूही लागले आहेत.

वजनाचा विचार प्रथम करू, कारण त्याविषयी गैरसमज फार. ओझे हलके करण्याचे जे शास्त्र अलीकडे अमेरिकेत उदयास आले, त्यात दात घासण्याच्या ब्रशाची दांडीदेखील कापून टाकणारे उपासक आहेत. पण त्यांच्या कितीतरी आधी, 1955 साली, एमा गेटवुड नावाची 67 वर्षांची शेतकरीण स्वतः शिवलेली एक थैली खांद्यावर टाकून आणि साधे कापडी बूट घालून सुमारे 3,300 किलोमीटरची ॲपलाचियन पायवाट एकटीने चालून गेली होती. तिची ती थैली आणि आमच्या महादेवाच्या यात्रेकरूचे गाठोडे ही सख्खी भावंडेच म्हणावयाची. पायांतील वजन पाठीवरील वजनाच्या सुमारे पाचपट थकवा आणते, हे प्रयोगांनी दाखविलेले आहे, आणि म्हणून बुटांत शंभर ग्रॅम वाचविणे यास निश्चित अर्थ आहे. मनगटावर वीस-तीस ग्रॅम वाचल्याने चढ सोपा होतो, असे मात्र कोणी सांगू लागल्यास त्याच्या बोलण्याची खातरजमा करावी. हलक्या घड्याळाचे महत्त्व निराळ्या कारणाने आहे: जड घड्याळ उतारावर काठी टेकताना मनगटाच्या हाडावर आपटते, वऱ्हाडच्या उन्हात त्याखाली घाम साचून कातडी सोलवटते, आणि रात्री ते काढून ठेवले म्हणजे सकाळी विसरले जाते. जे हातात असल्याचे स्मरण होत नाही आणि म्हणून काढावेसे वाटत नाही, तेच खरे हलके.

आता डोंगरात वेळ कळून उपयोग काय, याचा तपशील पाहू. यात्रेकरूस कचेरी गाठावयाची नसते. त्यास एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे उजेड किती उरला आहे. आपली भारतीय प्रमाणवेळ 1906 पासून पूर्व रेखांश साडेब्याऐंशी अंशांवर बांधलेली आहे, आणि शेंदूरजनाघाट त्याच्या पश्चिमेस, सुमारे सव्वाअठ्ठ्याहत्तर अंशांवर वसलेले असल्याने येथील सूर्य घड्याळाच्या सरासरी सतरा मिनिटे मागे चालतो. ही सतरा मिनिटे पदरात पडूनही नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य साडेपाचच्या सुमारासच मावळतो, जूनच्या तिसऱ्या आठवड्यात मात्र सातपर्यंत रेंगाळतो, आणि दरीत डोंगराची सावली त्याच्याही आधी उतरत असल्यामुळे, हिवाळ्यात साडेतीन वाजता परत फिरावयाचे की आणखी एक टेकडी ओलांडावयाची, हा निर्णय वाघ-अस्वलांच्या मुलखात केवळ हौसेचा राहत नाही.

या निर्णयास आधार देणारा एक जुना हिशेब आहे. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 साली तो मांडला: सपाटीवर दर पाच किलोमीटरांस एक तास धरावा, आणि चढाच्या दर सहाशे मीटरांस आणखी एक तास मिळवावा. सातपुड्याच्या सैल मुरमाड वाटांवर, पाठीवर पाण्याचे ओझे असताना, यात निदान तिसरा हिस्सा वाढवावा असे माझे मत आहे. पण मुद्दा असा की ज्याच्यापाशी बिनचूक घड्याळ आणि एवढा हिशेब आहे, त्यास नकाशावर आपण कोठे आहोत याचा अदमास यंत्राविनाही बांधता येतो.

चावीच्या घड्याळांचा जमाना आमच्या पिढीने पाहिला. एच.एम.टी.ने सिटिझन या जपानी कंपनीच्या सहकार्याने 1961 पासून बंगळूर येथे घड्याळे बनविण्यास आरंभ केला, आणि तिचे ‘जनता’ हे घड्याळ वऱ्हाडातील कित्येक मास्तरांच्या व तलाठ्यांच्या मनगटावर सेवानिवृत्तीपर्यंत टिकले. त्याविषयी कृतज्ञता बाळगूनही सांगितले पाहिजे की डोंगरासाठी ते घड्याळ नव्हे. दगडावरचा आघात आणि चावीच्या खुंटीतून शिरणारी धूळ व ओल ही त्याच्या नाजूक तोलचक्रास सोसत नाहीत. 1969 च्या नाताळात सेइको कंपनीने पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस आणले आणि हा प्रश्न मुळातूनच बदलला. सेकंदास 32,768 वेळा कंप पावणारी स्फटिकाची इवलीशी चिमटी एकदा काळाची मुखत्यार झाल्यावर घड्याळाचे कवच पोलादाचे असण्याचे कारण उरले नाही. पोलाद पाण्याच्या आठपट जड, टायटॅनियम साडेचारपट, आणि रेझिन म्हणजे प्लॅस्टिक जवळजवळ पाण्याइतकेच. म्हणून 1989 मध्ये निघालेले कॅसिओचे एफ-91डब्ल्यू हे साधे अंकी घड्याळ अवघ्या 21 ग्रॅमांत बसते आणि एका सेलवर सुमारे सात वर्षे चालते. टायटॅनियमवर हजारो रुपये खर्चणाऱ्याने हा हिशेब एकदा डोळ्यांखालून घालावा.

उन्हाळ्यात वऱ्हाडचा पारा 45 अंशांवर जातो. क्वार्ट्झचा स्फटिक सुमारे 25 अंशांना सर्वांत बिनचूक असतो. त्याहून उष्णता वाढो वा घटो, तो मागेच पडतो, आणि 45 अंशांस ही चूक दिवसाकाठी सव्वा सेकंदाच्या घरात जाते. उजेडाचा हिशेब करणाऱ्यास ती नगण्य आहे. मनगटावर तर शरीराची उष्णता एकसारखी राहत असल्याने ती आणखी कमी होते.

खरी रुजवात करावयाची ती उंची आणि दिशा सांगणाऱ्या घड्याळांची. उंची दाखविणारे घड्याळ वस्तुतः उंची मोजत नाही. ते हवेचा दाब मोजते, आणि दाब एका मिलिबारने उतरला की आपण सुमारे नऊ मीटर चढलो असे धरून चालते. समशीतोष्ण युरोपात ही युक्ती वादळे नसतील तेव्हा बरी चालते. आमच्या उष्ण कटिबंधात मात्र वातावरणाला स्वतःची भरतीओहोटी आहे: सकाळी दहाच्या सुमारास दाब शिगेस पोहोचतो, दुपारी चारला तळ गाठतो, आणि या सहा तासांत मध्य भारतात तो तीन-चार मिलिबारांनी सहज खाली येतो. परिणाम असा की शेंदूरजनाघाटच्या एखाद्या ओट्यावर दिवसभर पडून राहिलेले घड्याळ संध्याकाळपर्यंत तीस-एक मीटर डोंगर चढून बसलेले आढळते. चिखलदऱ्यासारख्या ठिकाणी, जेथील उंची 1,118 मीटर अशी ज्ञात आहे, ते जुळवून घेतले तर पुढील तासाभरापुरते कामास येते. परंतु दर मुक्कामी हे जुळविण्याचा शिरस्ता जो पाळणार नाही, त्याने या गुणासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत. अशा घड्याळातील उष्णतामापकही हाताला बांधलेले असेपर्यंत हवेची नव्हे, मनगटाचीच उष्णता सांगतो.

काट्यांच्या घड्याळाने दिशा शोधण्याची युक्ती बालवीरांच्या पुस्तकांतून सर्वांस पाठ आहे: तासकाटा सूर्याकडे रोखावा, तो आणि बाराचा आकडा यांमधील कोन दुभागावा, ती दक्षिण. मात्र ही युक्ती उत्तर युरोपच्या तिरप्या सूर्यासाठी घडलेली आहे. शेंदूरजनाघाट साडेएकवीस अक्षांशांवर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्याने मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत येथील मध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेस सरकलेला असतो, आणि त्या दिवसांत दुपारी या युक्तीवर विसंबणारा नेमका उलट दिशेस जाण्याचा संभव आहे. डिसेंबर-जानेवारीत ती पुरेशी खरी ठरते. तेव्हासुद्धा काट्यांचे घड्याळच हवे असे नाही. अंकी घड्याळात वेळ पाहून मातीत काडीने तबकडी आखली तरी तोच कोन मिळतो.

उपग्रहांवरून ठिकाण सांगणाऱ्या घड्याळांविषयी थोडक्यात. त्यांतील हलकी तीस ग्रॅमांपर्यंत उतरली आहेत आणि ती खोटे बोलत नाहीत. पण त्यांस वारंवार वीज पाजावी लागते, आणि तीन दिवसांच्या वाटेवर ज्या यंत्रासाठी दुसरे यंत्र वाहावे लागते, त्याचे वजन दोन्ही मिळून धरावे.

म्हणून माझी पसंती रेझिनच्या, अंकी, सेलवर वर्षानुवर्षे चालणाऱ्या साध्या घड्याळास आहे, काही अटींसह. वर उल्लेखिलेल्या 21 ग्रॅमांच्या घड्याळाचा दिवा इतका मिणमिणता आहे की अंधाऱ्या तंबूत आकडे वाचण्यास डोळे ताणावे लागतात, आणि पाण्याविषयीचे त्याचे आश्वासन पावसाच्या सरीपुरते आहे, भर पावसाळ्यात ओढ्यात डुंबण्याचे नव्हे. नागद्वारच्या यात्रेसारख्या ओल्या वाटेवर जावयाचे असल्यास दहा-पंधरा ग्रॅम अधिक सोसून 100 मीटरची छाप असलेले घ्यावे. रेझिनचा पट्टा घामाने काही वर्षांत तडकतो. त्याऐवजी दोन्ही पिनांखालून अखंड जाणारी नायलॉनची पट्टी बसवावी, म्हणजे एक पिन निसटली तरी घड्याळ मनगटावरच लोंबकळते. तासातासाला वाजणारा इशारा जंगलात शिरण्यापूर्वी बंद करावा.

आणि वरुडच्या बाजारात सेल बदलून घेताना कारागिराला मागच्या झाकणाखालची रबरी कडी दाखवावयास सांगावे. ती चपटी झाली असेल किंवा तडकली असेल तर त्याच बैठकीत बदलून घ्यावी, कारण सेल नवा आणि कडी जुनी असलेल्या घड्याळाच्या काचेआड पहिल्याच पावसात वाफ धरते.