गुडघ्याची मागची बाजू

१९२९ साली बोस्टनच्या कॉटन आणि बर्ग या डॉक्टरांनी गुडघ्यालगतच्या एका मोडतोडीला ‘फेंडर फ्रॅक्चर’ म्हटले. मोटारीचा पुढचा भाग पादचाऱ्याच्या गुडघ्यावर बाहेरून आदळतो, मांडीचे हाड नडगीच्या हाडाच्या सपाट माथ्यात घुसते आणि तो माथा चिरतो किंवा खचतो. या माथ्याला डॉक्टर टिबियल प्लॅटो म्हणतात. शरीराचा भार इथेच उतरतो, त्यामुळे तो उंचसखल जुळला की पुढे सांधा झिजण्याचा धोका वाढतो.

तेव्हा उपाय म्हणजे प्लास्टर. हाड जुळे, पण गुडघा आखडे. १९५६मध्ये इंग्लंडच्या अ‍ॅप्ली यांनी पाय वजनाने ताणून, म्हणजे ट्रॅक्शनवर ठेवूनही गुडघा लवकर हलवता येतो, हे दाखवले. १९५८मध्ये स्वित्झर्लंडला स्थापन झालेल्या ‘एओ’ या हाडांच्या डॉक्टरांच्या गटाने उलट वाट धरली: सांधा उघडा, खचलेला भाग उचला, खाली कमरेच्या हाडाचा चुरा भरा, प्लेट-स्क्रूने पक्के करा आणि मग हलवा.

१९७९मध्ये टोरांटोच्या शाट्झकर यांनी या फ्रॅक्चरचे सहा प्रकार पाडले. आजही वॉर्डात ‘शाट्झकर सहा’ म्हटले की समोरच्याला परिस्थिती कळते. पण ही विभागणी मुख्यतः समोरून काढलेल्या एक्स-रेवर बेतलेली होती. त्याच वर्षी हाउन्सफील्ड आणि कॉर्मॅक यांना सीटी स्कॅनसाठी नोबेल मिळाले, हा योगायोग मला गमतीचा वाटतो. कारण एक्स-रेत नीट न दिसणारा माथ्याचा मागचा तुकडा पुढे सीटीनेच दाखवला. २०१०मध्ये शांघायच्या लुओ यांनी माथ्याचे आतला, बाहेरचा आणि मागचा असे तीन स्तंभ मानून शस्त्रक्रिया आखली. २०१८मध्ये खुद्द शाट्झकर यांनी ब्राझीलचे कफुरी यांच्यासोबत आपली जुनी विभागणी सीटीच्या आधारे नव्याने मांडली. स्वतःच्या नावाच्या वर्गीकरणाला हात घालायला मोठे मन लागते.

स्क्रू प्लेटमध्येच घट्ट अडकतात अशा लॉकिंग प्लेट आल्या, बरे झाले. तरी माझ्या मते खरी प्रगती कातडीकडे पाहण्यात झाली. पूर्वी सुजलेल्या गुडघ्यावर समोरून एकच मोठा छेद घेऊन दोन्ही बाजूंना प्लेट लावत. जखम उसवे, पू होई, क्वचित पायही गमवावा लागे. आता गंभीर मोडतोडीत आधी बाहेरून सळ्यांची चौकट लावून पाय स्थिर करतात. सूज ओसरून कातडीवर सुरकुत्या दिसेपर्यंत थांबतात, त्याला आठवडा-दोन आठवडेही लागतात. मग दोन वेगळे छेद घेतात. ‘ऑपरेशन लांबवतात’ म्हणून नातेवाईक चिडतात, पण ही दिरंगाई नसते.

मात्र थांबणे सगळ्याच बाबतीत चालत नाही. पोटरी टणक झाली, बोटे हलवली की असह्य कळ आली, पाऊल बधिर किंवा गार पडले, तर पोटरीतला दाब वाढलेला किंवा गुडघ्यामागची रक्तवाहिनी दुखावलेली असू शकते. अशा वेळी सकाळची वाट पाहू नका, रात्रीच डॉक्टरांना बोलवा.