इंजिन बांधलं, पण कॉम्प्रेशन कुठं गेलं?

गेल्या वेळी आपण इंजिन बांधण्याबद्दल बोललो. आज त्याच्या पुढचं, जरा दुखरं. इंजिन बांधून झालं, बिल दिलं, आणि गाडी घाटात ओढेना.

वेल्ह्याकडची एक मारुती 800 आमच्याकडे अशीच आली. तीन सिलिंडरचं, 796 सीसीचं इंजिन नुकतंच बांधलेलं. नसरापूर ते मार्गासनी ठीक चालायची, पण पाबे घाट लागला की थेट पहिला गिअर. उभी असताना थरथरायची. ज्यांनी काम केलं त्यांचं म्हणणं, रिंगा बसल्या नाहीत, परत खोलायला लागेल. परत खोलायचं म्हणजे नवं गॅस्केट, पुन्हा मजुरी, आणि गाडी आठवडाभर उभी. आतल्या गावात रात्री-अपरात्री दवाखान्याला जायला तीच एक गाडी असते हो. म्हणून हेडच्या बोल्टला हात लावण्याआधी आम्ही कॉम्प्रेशन गेज लावला.

यात चुका फार होतात, म्हणून सावकाश सांगतो. इंजिन गरम हवं. तिन्ही प्लग काढायचे, नुसता एक नाही. इग्निशन कॉइलची जोडणी सोडवायची, बॅटरी चार्ज हवी. आणि एकाने अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायचा. नेमकं हेच राहून जातं. थ्रॉटल बंद असला की सिलिंडरला पुरेशी हवाच मिळत नाही, मग चांगलं इंजिनही आजारी दिसतं. आणखी एक गंमत: भोर सुमारे 600 मीटर उंचीवर आहे, हवा थोडी विरळ. महाडला 12 किलो दाखवणारं इंजिन भोरला पाऊण किलोच्या आसपास कमी दाखवेल. तो दोष नव्हे.

आमचे आकडे आले साडेअकरा, अकरा आणि सात. आता नुसता सात बघून उपयोग नाही, तिन्ही शेजारी ठेवून बघायचे. तिन्ही सारखेच कमी असते तर टायमिंग बेल्ट एखादा दात चुकलाय का, हे आधी पाहिलं असतं. किंवा रिंगा अजून रुळायच्या असतील. शेजारशेजारचे दोन पडले असते तर त्यांच्यामधलं गॅस्केट. इथे एकटाच पडलेला.

मग त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडलं आणि परत मोजलं. रिंगेतून गळती असेल तर ऑइल तात्पुरती फट बुजवतं आणि आकडा चांगला वर जातो. सातचा सव्वासातच झाला. म्हणजे रिंगा नव्हेत. (ऑइल जास्त ओतू नका, त्यानेच आकडा फुगतो.)

तिसरी पायरी कानाने करायची. तो पिस्टन कॉम्प्रेशनच्या स्ट्रोकला अगदी वर आणला, गाडी वरच्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, क्रँकच्या पुलीवर पाना राहिलेला नाही याची खात्री केली, आणि प्लगच्या भोकातून पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा सोडली. ऑइलच्या झाकणातून फुसफुस आली तर रिंगा, कार्बोरेटरमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट. आमची आली सायलेन्सरमधून. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नव्हता.

का? व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासला की तो सीटमध्ये किंचित खोल बसतो, आणि त्याची दांडी तेवढीच रॉकरकडे वर येते. टॅपेटची फट कमी होते. हेडचं काम झाल्यावर फट नव्याने लावायची असते. इथे फीलर गेजचं पातं आतच जाईना. दांडी तापून लांबली की व्हॉल्व्ह उघडाच राहायचा. तसंच महिनाभर चालवलं असतं तर व्हॉल्व्ह जळला असता, आणि मग खरंच खोलावं लागलं असतं.

इंजिन थंड होऊ दिलं, मॅन्युअलप्रमाणे फट लावली, पुन्हा गरम करून मोजलं. पावणेअकरा. मालकाला एवढंच सांगितलं, 500 किलोमीटरनंतर टॅपेट परत दाखवा, नवे घासलेले व्हॉल्व्ह अजून थोडे बसतात.