संदेशाची जागा

फळमाशीच्या गर्भाचे डोके कोणत्या टोकाला व्हायचे, हे अंडे घालण्यापूर्वीच ठरते. आम्ही इतिहासाचे शिक्षक. तरी या व्यवस्थेने आम्हांस थक्क केले.

एका पेशीपासून १६ भगिनीपेशी होतात. त्यांतील एक अंडपेशी बनते. उरलेल्या १५ पोषकपेशी तिला संदेशवाहक आरएनए पुरवतात. सूक्ष्मनलिकांच्या वाटांवरून वाहक प्रथिने हे संदेश वाहून नेतात. ‘बायकॉइड’ पुढच्या टोकाला, ‘ऑस्कर’ मागच्या टोकाला स्थिरावतो.

मातेकडून बायकॉइड न मिळाल्यास अळीला डोके व वक्षभाग येत नाहीत. नोबेल (१९९५) विजेत्या क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड यांच्या प्रयोगशाळेत हाच संदेश गर्भात अन्यत्र टोचला, तेव्हा तेथे डोक्याची रचना घडू लागली.

कोणतेही टोक मुळात डोके नसते. तेथे पोहोचलेला संदेश त्याला डोके बनवतो.