घर गळणार की नाही, हे पावसाआधीच कळू शकते! नकाशापासून चावी मिळेपर्यंत काय तपासायचे?

पाळी (डिचोली) : गोव्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यामुळे डिचोली तालुक्यातील पाळीसारख्या गावात नव्या घराची खरी परीक्षा पहिल्या पावसाळ्यात होते. एप्रिल-मेमध्ये गृहप्रवेश उरकतो, कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता दिला जातो आणि जुलैत खिडकीखालची भिंत ओली दिसू लागते. तोवर प्लास्टर, रंग, फर्निचर सगळे झालेले असते. पाणी कुठून येते ते शोधायचे, तर तेच पुन्हा फोडावे लागते.

हे टाळण्याची एक पद्धत आहे. तिला 'बिल्डिंग एन्क्लोजर कमिशनिंग' म्हणतात. नाव जड असले तरी अर्थ सोपा आहे. छप्पर, बाहेरच्या भिंती, दारे-खिडक्या आणि जमिनीलगतचा भाग म्हणजे इमारतीचे बाहेरचे कवच. ते नकाशापासून ताबा मिळेपर्यंत प्रत्येक टप्प्यावर तपासायचे आणि त्याची लेखी नोंद ठेवायची. 'कमिशनिंग' हा शब्द जहाजांच्या धंद्यातला. मांडवीतून खनिज नेणाऱ्या बार्जमध्ये गळती तपासल्याशिवाय कोणी माल भरणार नाही. घराच्या बाबतीत मात्र आधी सामान भरले जाते, गळती नंतर बघितली जाते. अमेरिकेत या कामासाठी 'एएसटीएम' संस्थेने २०१२ मध्ये स्वतंत्र मानकच काढले.

वळचण गेली, जोखीम वाढली

चिरा सच्छिद्र असतो, तो पाणी शोषतो. जुन्या घरांत यावर उपाय होता. उतरते कौलारू छप्पर, भिंतीच्या बरेच पुढे आलेली वळचण आणि पावसाआधी भिंतीला बांधलेली चुडतांची झड. पाणी भिंतीपर्यंत पोचूच द्यायचे नाही, हा त्यामागचा विचार. आता सपाट स्लॅब, छज्जा नसलेली दर्शनी भिंत आणि मोठ्या सरकत्या काचा आल्या. वळचणीचे काम सीलंट आणि वॉटरप्रूफिंगच्या डब्यावर आले. म्हणून तपासणीची गरजही वाढली.

कधी, काय तपासायचे?

नकाशा : पाऊस आणि वारा कोणत्या बाजूने येतो, तिथे छज्जा किती बाहेर आहे, टेरेसचा उतार कुठे जातो, हे कागदावरच विचारावे. छज्जाच्या खालच्या कडेला बारीक खाच हवी. नाहीतर पाणी उलटे वळून भिंतीकडे येते.

नमुना : सगळ्या खिडक्या बसवण्याआधी एकच बसवून तिच्यावर पाणी मारून बघावे. चूक एका खिडकीत सापडली तर ती वीस खिडक्यांत होत नाही.

झाकण्याआधी : स्लॅबमधून जाणारे पाइप, चिरा आणि काँक्रीट जिथे भेटतात तो सांधा, खिडकीच्या चौकटीभोवतीची फट. गळती बहुतेक वेळा अशा सांध्यांतूनच होते. प्लास्टर किंवा लादी बसण्याआधी तिथले फोटो काढून ठेवावेत.

पाण्याची चाचणी : टेरेस आणि न्हाणीघराचे तोंड बंद करून निदान ४८ तास पाणी साठवून ठेवावे आणि खालून छत बघावे. ही चाचणी लादी घालण्याआधीच व्हायला हवी. खिडकीवर पाइपने पाणी मारताना खालच्या सांध्यापासून सुरू करून वर जावे. आधीच वर मारले तर पाणी खाली ओघळते आणि कोणता सांधा गळतो ते कळत नाही.

पहिला पावसाळा : जुलैत एकदा सगळे घर फिरून बघावे आणि ओले डाग तारखेसह नोंदवावेत.

पैसे कधी द्यायचे?

तपासणारा माणूस कंत्राटदाराचा नसावा. मोठ्या इमारतीला त्यासाठी वेगळा सल्लागार लागतो. घरासाठी ओळखीचा इंजिनियर चार-पाच फेऱ्या मारून हे काम करू शकतो. स्वतःच्या जागेत कंत्राटदाराकडून घर बांधून घेणाऱ्यांनी या चाचण्या करारातच लिहाव्यात आणि थोडी रक्कम पहिला पावसाळा संपेपर्यंत राखून ठेवावी. काम सुरू होण्याआधी ठरले, तर यावरून वाद होत नाही.

फ्लॅट किंवा व्हिला बिल्डरकडून घेतला असेल, तर २०१६ चा रेरा कायदा आहे. कलम १४(३) नुसार ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. हा केंद्राचा कायदा असल्याने गोव्यातला फ्लॅट असो की सिंधुदुर्गातला, ही तरतूद सारखीच आहे. तक्रारीला वरची फोटोंची आणि चाचण्यांची नोंद कामी येते.

गळतीचा प्रश्न छोट्या घरांपुरता नाही. मे २०२३ मध्ये उद्घाटन झालेल्या दिल्लीच्या नव्या संसद भवनात २०२४ च्या पावसाळ्यात लॉबीत पाणी ठिबकले. काचेच्या घुमटाचा सांधा चिकटवणारा पदार्थ थोडा सरकला होता, असे लोकसभा सचिवालयाने सांगितले. नूतनीकरणानंतर नोव्हेंबर २०२३ मध्ये खुल्या झालेल्या पणजीच्या कला अकादमीतही गळतीच्या तक्रारी झाल्या.

टेरेस पाण्याने भरून ठेवायला दोन दिवस लागतात आणि एखादा टँकर. लादी उखडून पुन्हा बसवायची, तर तेवढ्यावर भागत नाही. ज्यांच्या घराचे काम यंदा दिवाळीनंतर सुरू होणार आहे, त्यांनी या चाचण्या कंत्राटदाराशी आताच बोलून घ्याव्यात.